जर्मन घरातलं एक वर्ष : ओ-पेअरविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

“मॅडम, म्हणजे परक्या देशात जाऊन लोकांची धुणीभांडीच ना?” माझ्या जर्मनच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं हे विचारलं, तेव्हा तिच्या आवाजात नुसती काळजी होती. थोड्याच दिवसांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. त्यांचा प्रश्न वेगळा होता : “पगार किती? घरी किती पाठवता येतील?” दोघांच्याही मनात ओ-पेअरचं जे चित्र होतं ते चुकीचं होतं. अशा चित्राच्या भरवशावर मुलं घर सोडतात आणि तिकडे पोचल्यावर कोलमडतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘ओ-पेअर’ हे मूळ फ्रेंच. अर्थ ‘बरोबरीच्या नात्यानं’. परदेशी तरुण एखाद्या कुटुंबात त्या घरचाच होऊन राहतो, लहान मुलांना सांभाळायला हातभार लावतो आणि त्या घराची भाषा शिकतो. 1969 साली स्ट्रासबुर्गला युरोपीय देशांनी याविषयी एक करार केला. त्यात ओ-पेअर हा पूर्ण विद्यार्थीही नाही आणि पूर्ण कामगारही नाही, दोघांचे गुण असलेला वेगळाच वर्ग आहे, असं मानलं गेलं. नियम मात्र देशागणिक बदलतात. मी जर्मन शिकवते, तेव्हा पुढचं सगळं जर्मनीपुरतं.

त्या आईला आधी उत्तर देते. ओ-पेअरकडून दिवसाला 6 आणि आठवड्याला 30 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि रात्री मुलांजवळ थांबणंही त्याच तासांत मोजलं जातं. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातला निदान एक रविवार पूर्ण मोकळा, आठवड्यातल्या चार संध्याकाळी स्वतःच्या, आणि वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी नव्हे, भर-हातखर्ची सुट्टी. मुलांचा नाश्ता करणं, त्यांना बालवाडीत सोडणं, त्यांच्यासोबत खेळणं, त्यांचे कपडे इस्त्री करणं, भांडी धुण्याच्या यंत्रातली भांडी जागच्या जागी लावणं ही कामं असतात. आजारी आजोबांची शुश्रूषा किंवा अख्ख्या घराची साफसफाई ही ओ-पेअरची कामं नव्हेत. राहायला स्वतंत्र खोली द्यावीच लागते. आणि हे फक्त मुलींसाठी आहे असंही नाही, मुलगे जाऊ शकतात, जातातही.

आता पैशांचं. महिन्याला 280 युरो मिळतात. एका युरोला 100 रुपये धरले तर 28 हजार होतात, आणि इथे बसून तो आकडा मोठा वाटतो. पण तो पगार नाही, हातखर्च आहे. राहणं-जेवण आणि आरोग्य, अपघात व दायित्व यांचे विमे कुटुंबाकडे असतात. भाषेच्या वर्गासाठी कुटुंब महिन्याला 70 युरो देतं, वर्गाची फी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम स्वतःच्या खिशातून. विमानाचं तिकीटही बहुधा स्वतःचं. त्यामुळे घरी पैसे पाठवायचे, कर्ज फेडायचं, असा हिशेब करून निघालेलं मूल पहिल्या दोन महिन्यांतच निराश होतं. कर्ज काढून ओ-पेअर म्हणून जाऊ नये, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते.

“आमचे नातेवाईक म्युनिकला आहेत, त्यांच्याकडेच राहील, घरचं जेवण तरी मिळेल,” हे तर नेहमीचंच. प्रेमापोटी सुचलेला हा मार्ग नियमातच बसत नाही. नातेवाइकांकडे ओ-पेअर होता येत नाही. कुटुंबाची मातृभाषा जर्मन असावी लागते. ती नसेल आणि घरात जर्मन बोललं जात असेल, तर ओ-पेअर त्या आईवडिलांच्या मायदेशातला चालत नाही. म्हणजे तिकडच्या मराठी घरात आपली मराठी मुलगी ओ-पेअर होऊ शकत नाही. त्यामागचं कारणही रास्त आहे : तसं झालं तर वर्षभर मराठीच बोललं जाईल.

आणि भाषा हेच तर या वर्षाचं खरं कारण. इथला गैरसमज सर्वांत जुना : “तिकडे राहिलं की भाषा आपोआप येते.” येत नाही. पहिलं म्हणजे, व्हिसासाठीच ए1 म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं जर्मन लागतं, ते इथूनच शिकून जायचं. दुसरं, यजमान आईवडिलांना बहुतेकदा इंग्रजी येतं आणि तुमची अडचण दिसली की ते चांगुलपणानं इंग्रजीवर येतात. पहिल्याच दिवशी “माझ्याशी जर्मनच बोला” असं सांगायचं धैर्य ज्यांनी दाखवलं, त्यांची भाषा झपाट्यानं सुधारली.

लहान मुलं हे उत्तम शिक्षक, यात शंका नाही. तेच चित्रांचं पुस्तक ती वीस वेळा वाचायला लावतात आणि शब्दाचं लिंग चुकलं की न संकोचता सुधारतात. पण त्यांच्याकडून येणारं जर्मन हे ‘तू’चं जर्मन असतं. ऑफिसात, दवाखान्यात ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ लागतं, आणि सरकारी पत्रातलं जर्मन तर कुठल्याच पाच वर्षांच्या मुलाला येत नाही. त्यासाठी वर्गच हवा. गावोगावी ‘फोल्क्सहोखशूले’ नावाची लोकशिक्षण केंद्रं असतात, तिथे माफक फीत वर्ग चालतात. शिवाय स्टुटगार्टच्या आसपास गेलात तर पुस्तकातला ‘इस्ट’ लोकांच्या तोंडी ‘इश’ होतो. सुरुवातीला काहीच कळत नाही म्हणून घाबरू नका, तिथली बोलीच वेगळी आहे.

मराठी माणसाला जर्मन शिकताना काही गोष्टी घरूनच मिळालेल्या असतात, हे मला आवर्जून सांगायचं आहे. ‘चाक’, ‘चूल’ यांतला आपला च म्हणजेच जर्मन ‘त्स’, त्यामुळे ‘त्स्वाय’ आणि ‘त्सूग’ आपल्या जिभेला जड जात नाहीत. तीन लिंगं आपल्यालाही आहेत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, जसं आपलं कायमच जातं. पण लिंगं जुळत नाहीत, तिथेच दमछाक होते. चमचा पुल्लिंगी आहे, इथवर आपण सोबत. काटा मात्र स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी चक्क नपुंसकलिंगी. हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि रोज जेवणाच्या टेबलावर काटा-सुरी मांडताना ते जितकं पक्कं होतं तितकं वहीत होत नाही. वर्ग न चुकवता, घरात जर्मनच बोलत वर्ष काढलं, तर ए1वरून बी1 म्हणजे मध्यम पातळीपर्यंत पोचता येतं. वर्ग सोडून दिला तर स्वयंपाकघरापुरतं जर्मन येतं आणि तिथेच थांबतं.

ओ-पेअर म्हणजे कायमच्या वास्तव्याचं दार, हाही समज सोडायला हवा. मुदत कमीत कमी 6 महिने, जास्तीत जास्त 1 वर्ष. मुदतवाढ नाही, आणि ही संधी आयुष्यात एकदाच. व्हिसाचा अर्ज करताना वय 18 पूर्ण आणि 27च्या आत हवं. पुढे ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे व्यवसायशिक्षण घ्यायचं असेल तर नवा अर्ज, नव्या अटी आणि साधारण बी1 भाषा लागते, जर्मन माध्यमाच्या विद्यापीठाला त्याहून बरीच वरची. वर्षभरात भाषा झाली तरच हा रस्ता खुला होतो.

एजंटांविषयी थोडक्यात. जर्मनीतली एजन्सी ओ-पेअरकडून जास्तीत जास्त 150 युरो घेऊ शकते. कुणी लाखांच्या गोष्टी करत असेल, किंवा कधी न भेटलेलं ‘कुटुंब’ व्हिसासाठी पैसे पाठवायला सांगत असेल, तर तिथेच थांबा.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक : “कुटुंब वाईट निघालं तर सोसायचं, नाहीतर परत यायचं.” माझी एक विद्यार्थिनी याच समजुतीनं तीन महिने रोज दहा-दहा तास राबली आणि कुणाला बोलली नाही. वस्तुस्थिती अशी की उरलेल्या मुदतीसाठी दुसरं कुटुंब शोधता येतं, फक्त परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. ‘इन व्हिया’सारख्या संस्था ओ-पेअरना सल्ला देतात. आणि घरात छळ किंवा हिंसा होत असेल तर स्त्रियांसाठी जर्मनीत 116 016 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, अनेक भाषांत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. मुलगी निघण्याआधी हा क्रमांक तिच्या फोनमध्ये आणि पासपोर्टच्या पाकिटात, दोन्हीकडे लिहून ठेवा.