मेहेरबानीतलं स्वातंत्र्य

इटलीतल्या लुक्का या चिमुकल्या प्रजासत्ताकाच्या बुरुजांवर ठळक अक्षरांत ‘लिबेर्तास’ लिहिलेलं असे. लिबेर्तास म्हणजे स्वातंत्र्य. १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ लिहिताना इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने त्यावर बोट ठेवलं. बुरुजावर काही का लिहिलेलं असेना, तिथल्या माणसाला सुलतानाच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या प्रजेपेक्षा जास्त मोकळीक आहे असं त्यावरून ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. कायद्याचा पाश इथेही आणि तिथेही!

पाच वर्षांनी जेम्स हॅरिंग्टन या दुसऱ्या इंग्रज विचारवंताने ‘ओशियाना’त जे उत्तर दिलं, ते वाचून आजही थक्क व्हायला होतं. सुलतानाचा सगळ्यात बडा पाशा, म्हणजे सरदार, घ्या, तो म्हणतो. त्याची जहागीरच काय, धडावरचं डोकंसुद्धा धन्याच्या मर्जीवर. लुक्कातला जमीन असलेला साधासुधा माणूस मात्र या दोन्हींचा मालक.

नीट पाहा, पाशाला कोणीही अडवलेलं नाही. सुलतान दयाळू असेल, जन्मभर त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही. तरीही पाशा रोज धन्याची मुद्रा न्याहाळणार आणि ओठांवर आलेलं गिळणार. रोमन कायद्याने गुलाम ओळखला तो असाच: दुसऱ्याच्या ताब्यात असलेला माणूस. चाबूक उगारला जातो की नाही, हा प्रश्नच नाही. १७९२ मध्ये लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने हीच कसोटी घरातल्या स्त्रीला लावली.

हॉब्जचा धागा पुढे उदारमतवाद्यांनी उचलला. १९५८ मध्ये ऑक्सफर्डला विचारवंत आयझया बर्लिनने मांडलं, की आड कोणी येत नसेल तर माणूस तेवढा मोकळा. अशी मोकळीक एखाद्या हुकूमशाहीतही मिळू शकते. फिलिप पेटिट आणि क्वेंटिन स्किनर या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात हॅरिंग्टनची बाजू पुन्हा उभी केली. मला तीच पटते. पण बहुमतालाही ओलांडता येणार नाही असा उंबरठा उदारमतवाद्यांनी घालून दिला, ते ऋण मोठं आहे.

हे दोन्ही प्रवाह आपल्याकडे एका भाषणात भेटतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा सांगितला: माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. मिल पक्का उदारमतवादी, पण इशारा थेट हॅरिंग्टनच्या वळणाचा. ते भाषण मुळातून जरूर वाचा.