तांबडी रेघ : अर्थ आणि प्रकार

अर्जदाराची मिळकत, व्यवसाय व परतफेडीची ऐपत न पाहता, केवळ तो कोणत्या वस्तीत राहतो यावरून त्यास कर्ज नाकारणे, यास ‘रेडलाइनिंग’ अर्थात तांबडी रेघ ओढणे असे म्हणतात.

हा शब्द अमेरिकेतील आहे. तेथे १९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांची चार रंगांत प्रतवारी केली. तांबड्या वस्त्या कर्जास धोक्याच्या गणल्या गेल्या. कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांवर बहुधा हाच रंग चढे. घरदुरुस्तीसही पैसा न मिळाल्याने अशा वस्त्या अधिकच खालावल्या. १९६८ च्या कायद्याने तेथे घरांच्या व्यवहारातील अशा भेदभावास बंदी झाली.

या प्रथेचे मुख्य प्रकार तीन. पहिला, पत्ता पाहताच नकार. दुसरा, उघड नकार न देता जादा जामीन मागणे, व्याज चढविणे किंवा हेलपाटे घालावयास लावणे. तिसरा, जेथे बँक जात नाही तेथे भरमसाट व्याजाने कर्ज गळ्यात बांधणे. आता संगणकाद्वारे पिनकोडवरूनही अशी रेघ ओढली जाऊ शकते.

वस्तीवर शिक्का मारण्याची रीत आपल्याकडेही नवी नाही. ब्रिटिश अमदानीत काही जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवून हुबळी, सोलापूर येथील वसाहतींत ठेवण्यात आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु हुबळीतील तो भाग अद्यापि ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखला जातो. ती रेघ बँकेची नव्हती. तथापि पत्त्यावरून माणूस जोखण्याची सवय तीच होय.

ही रेघ पुसण्याचे प्रयत्नही झाले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान शेतकरी व कारागीर यांच्यासाठी १९७६ साली धारवाड येथे मलप्रभा ग्रामीण बँक निघाली. पुढे विलीनीकरण होऊन ती आज कर्नाटक ग्रामीण बँकेचा भाग आहे.

बँकेने अर्जदाराची ऐपत तपासणे रास्तच आहे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देताना जात, धर्म वा लिंग यांवरून भेद करता येत नाही. तसेच कर्ज नाकारल्यास त्याचे कारण लेखी कळवावे लागते. म्हणून अर्जाची पोच घ्यावी व नकाराचे कारण लेखी मागावे. प्रथम बँकेकडेच तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. शिक्षक व ग्रामसेवक यांनी असे अर्ज लिहिण्यास साहाय्य केल्यास, तोंडी नकार ऐकून परतणाऱ्या अनेकांना आपला हक्क बजावता येईल.