कार्ड कुणाच्या नावावर

रविवार, दुपारचे अडीच. कुंभारीच्या गोदूताई विडी घरकुलात गल्लीभर एकच वास आहे, तंबाखूचा. अक्का उंबऱ्याच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसलीय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली पानं. पान उचलते, चिमूटभर तंबाखू पसरते, वळते, सुताचे दोन वेढे देते, काडीनं तोंड मुडपते. नजर मात्र समोर तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर आहे.

मोबाइलमध्ये तिचा धाकटा. शारजात आता दुपारचा एक वाजलाय. खोलीत सहा पलंग, खाली तीन, वर तीन. हा वरच्या पलंगावर पडदा ओढून बसलाय आणि हळू बोलतोय, कारण खालचा केरळी माणूस रात्रपाळी करून झोपलाय.

मला बोलावणं आलंय ते इंग्रजीसाठी. पोरगा माझ्या हाताखाली दहावी झाला, मग विजापूर रोडच्या आयटीआयमधून एसीचं काम शिकला. एजंटानं त्याला एक पीडीएफ पाठवलीय, ती त्यानं आईला पाठवली, आईनं मला. "सर, तेवढं वाचून सांगा की. तो सांगालाय ते मला पटंना."

मामाही आलेत, अक्काचे थोरले भाऊ. भिंतीला टेकून बसलेत, पाय लांब. या घरात आपसात तेलुगू चालतं आणि माझ्याकडे वळलं की मराठी. मध्येच 'व्हिझिट', 'एक्झिट', 'बॅन' हे शब्द येतात, ते दोन्हींत सारखेच.

प्रकार असा आहे. पोरगा साठ दिवसांच्या व्हिझिट व्हिसावर गेलाय. चौपन्न झाले. एका एसी दुरुस्तीच्या दुकानात तीन आठवडे 'ट्रायल' चाललंय. मालक म्हणतो, काम चांगलं आहे, व्हिसा करून देतो, पण पुढच्या महिन्यात. सहा दिवसांनंतर थांबलं तर रोज पन्नास दिरहम दंड. दिरहम सध्या चोवीस रुपयांच्या आसपास आहे. अक्का वळता वळता म्हणते, "म्हणजे बाराशे. माझ्या चार-पाच दिवसांच्या विड्या." आणि पुढचं पान उचलते.

पोरापुढे दोन वाटा आहेत. पहिली बसची. रात्री शारजातून बस निघते, हत्ताच्या बाजूनं ओमानच्या हद्दीवर जाते, पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो, नवा व्हिझिट व्हिसा आला की पुन्हा आत. याला तिकडे 'व्हिसा चेंज' म्हणतात. विमानानं शेजारच्या देशात जाऊन त्याच दिवशी परतलं तर 'एटूए', म्हणजे एअरपोर्ट टू एअरपोर्ट. बस स्वस्त. एजंट सगळं धरून साडेबाराशे दिरहम मागालाय.

दुसरी वाट 'आझाद व्हिसा'ची. दोन वर्षांचा रहिवासी व्हिसा, एमिरेट्स आयडी, सगळं रीतसर दिसणारं. एक कंपनी कागदावर याला नोकर म्हणून दाखवणार, आणि हा काम करणार दुसरीकडे, मिळेल तिथं. म्हणून आझाद. आठ हजार दिरहम, निम्मे आधी. तिथल्या कायद्याच्या पुस्तकात असा कुठला व्हिसाच नाही, पण आखातात पोटासाठी गेलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत असतो.

"हिशेब कर की अम्मा," पोरगा म्हणतो. "दर दोन महिन्यांनी बस. वर्षात सहा वेळा. साडेसात हजार. आणि तिकडं आठ हजारात दोन वर्षं निवांत!"

हिशेब बरोबर आहे. मी त्याला गणितात नापास केलं होतं एकदा. आता वाटतं, घाई केली.

मामा हसतात. "निवांत म्हणालाय बे." मग माझ्याकडे वळून, "सर, मी किश बघितलंय."

किश हे इराणचं बेट, दुबईहून विमानानं पाऊण तासाच्या आत. तिथं उतरायला आधी व्हिसा लागत नव्हता, म्हणून दुबईची मुदत संपलेली माणसं तिथं जाऊन नव्या कागदाची वाट बघत बसायची. मामा 2004च्या उन्हाळ्यात गेले. हॉटेल म्हणजे एका खोलीत आठ माणसं. फिलिपिनो, पाकिस्तानी, आपले. फिलिपिनो बायकांना विमानातच डोक्याला बांधायला रुमाल द्यायचे. दोन दिवसांत परत येऊ म्हणून मामांनी एकच पँट नेली होती. राहिले सव्वीस दिवस. "संध्याकाळी काउंटरच्या काचेवर कागद चिकटवायचे. ज्याचं नाव त्यात, तो उद्या सुटला. मी रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचो. माझं नाव नाही म्हटल्यावर दुसऱ्यांची वाचायचो."

थांबतात. मग आवाज उतरतो. त्याच वर्षी 10 फेब्रुवारीला किशहून शारजाला येणारं विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं होतं. आत 46 जण, त्यातले 43 गेले. अशाच व्हिसाच्या फेरीवरून कामावर परतणारे कितीतरी मजूर त्यात होते. "मी चार महिन्यांनी त्याच कंपनीच्या विमानात बसलो. काय करणार? दुसरं तिकीट परवडत नव्हतं."

मोबाइलमधला पोरगा काही बोलत नाही. त्याच्या पडद्यामागे कुणाचा तरी गजर वाजतो आणि लगेच बंद होतो.

अक्काचा भाचा, कॉलेजातला, दारात चप्पल काढता काढता म्हणतो, "गोल्डन व्हिसाच काढ की. तेवीस लाखांत मिळतोय म्हणे." जुलै 2025मध्ये आपल्याकडे अशी बातमी खरंच उठली होती, एक लाख दिरहम भरा आणि जन्मभर राहा. तिथल्या सरकारी खात्यानं दोन-तीन दिवसांत ती खोटी ठरवली. पण बातमी धावते, खुलासा चालत येतो; कुंभारीपर्यंत तो अजून पोचलेला नाही. घर-जमिनीच्या वाटेनं दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा हवा तर वीस लाख दिरहमांची मालमत्ता लागते. आपल्या पैशात पावणेपाच कोटींच्या वर. मी आकडा सांगतो, तेव्हा अक्का पहिल्यांदा हात थांबवून हसते. "एवढे असतील तर तिकडं कशाला मरायला जातो माणूस?"

आता पीडीएफ. मी चष्मा लावतो. तिथल्या कामगार मंत्रालयाचं नोकरीचं पत्र आहे, आझाद व्हिसाचं. अरबी आणि इंग्रजी, दोन रकाने. ही पत्रं आणखी नऊ भाषांत मिळतात. हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली आहेत, नेपाळी आणि सिंहलीही आहेत. मराठी नाही, तेलुगू नाही. या घरातल्या दोन्ही भाषा नेमक्या वगळल्यात.

"हुद्दा काय लिहिलाय सर?"

"सफाई कामगार."

"आँ? त्यानं तर एसीचं शिकलंय."

"मूळ पगार हजार दिरहम."

"तो तर अठराशे म्हणालाय!"

पोरगा घाईनं समजावतो. ते नुसतं कागदावर, अम्मा. तो पगार कुणी देत नाही, घेत नाही. कंपनीचं ऑफिस म्हणजे एक टेबल. आपलं काम आपण बाहेर करायचं.

अक्का सुपातला तंबाखू बोटांनी सारखा करते. मग विचारते, "ते कार्ड कुणाच्या नावावर राहणार?"

"माझ्याच. फोटो माझा, नाव माझं."

"तसं नाही रे. रद्द कोण करणार?"

पोरगा गप्प. उत्तर मलाच द्यावं लागतं. रद्द करण्याचा अर्ज कंपनी करते. दुसरीकडे रीतसर नोकरी मिळाली तरी या कंपनीचा कागद आडवा येऊ शकतो. आणि 'हा पळून गेला' अशी तक्रार तिनं केली, तर याच्या नावावर बंदी लागू शकते.

"मग कार्ड कंपनीचंच की," अक्का म्हणते. आणि मला सांगू लागते. लग्न झाल्यावर सात वर्षं ती जावेच्या कार्डावर विड्या वळत होती. स्वतःचं कार्ड कारखान्यात नव्हतं. रोज हजार विड्या, नाकारलेल्या विड्यांची छाट निघाली की तीही हिच्याच माथी. "मजुरी मला, फंड तिला. जाऊ वाईट नव्हती सर. पण फंड तिचाच झाला." मग भांडून, लाल बावट्याच्या मोर्चात जाऊन स्वतःचं कार्ड काढलं. त्या कार्डावरच हे घर मिळालं. 1 सप्टेंबर 2006ला पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले होते आणि दहा हजार विडी कामगार बायांची ही घरं त्यांच्या हस्ते दिली गेली. स्वतःच्या वाट्याचे वीस हजार अक्कानं कसे भरले, हे ती सांगत नाही; मामा दुसरीकडे बघतात, त्यावरून कळतं. त्याआधी भाड्याच्या खोल्या. अकरा महिने झाले की घरमालक म्हणायचा, महिनाभर खाली करा, मग बघू. चार पोरं, भांडी, सूप घेऊन ती त्या महिन्यात बहिणीकडे राहायची आणि पुन्हा त्याच खोलीत यायची.

पोराला हे पाठ आहे. तरी तो ऐकतो. नेटवर्क अडकतं, त्याचा चेहरा अर्धा मिटलेल्या डोळ्यांवर थांबतो, मग पुन्हा हलतो.

मी मास्तर आहे, मला राहवत नाही. म्हणतो, बसनं मुदत वाढते, कामाची परवानगी मिळत नाही. व्हिझिटवर तू ट्रायल करतोस, तेही बेकायदाच. 2024मध्ये तिथं कायदा बदललाय, परवाना नसलेल्याला कामावर ठेवलं तर मालकाला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड. मालक 'पुढच्या महिन्यात' म्हणतो आणि तोवर तुला मागच्या दारानं आत घेतो, त्याचं कारण हे. खऱ्या कामाच्या व्हिसाचा खर्च कायद्यानं मालकावर आहे. तुझ्याकडून तो निम्मे मागत असेल तर तेही चूक.

"मागालाय सर," पोरगा म्हणतो. "निम्मे नाही, सगळे. पगारातून कापणार."

कुणीच काही बोलत नाही. गल्लीतून कुल्फीवाल्याची घंटा जाते. मामा म्हणतात, कापू दे. अठराशेतले तीनशे कापले तरी ज्याच्याकडे काम करतोस त्याच्याच नावावर राहशील. भाचा म्हणतो, ते बेकायदा आहे, सर आत्ताच बोलले. मामा म्हणतात, सर बरोबर आहेत, पण सर सोलापुरात आहेत. मला हे लागतं, आणि पटतंही.

निर्णय अक्काच करते, फारसा आवाज न चढवता. आठ हजारांचं नाही. गुरुवारची बस पकड. परत येताना विचारतात म्हणे, परतीचं तिकीट आणि राहायचा पत्ता, ते दोन्ही कागदावर घेऊन जा, मोबाइलवर विसंबू नको. दोन महिने अजून बघ. या मालकाला उद्याच विचार, पत्र कधी देतोस. दिलं तर सही करायच्या आधी सरांना पाठव. नाही दिलं तर? ती थांबते. "नाही दिलं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईहून रोज सुटते."

"दीड लाख कर्ज आहे अम्मा."

"ठाऊक आहे. मीच सही केली नं."

ती कट्टे मोजू लागते, पंचवीस-पंचवीसचे. उद्या सकाळी कारखान्यात द्यायचेत. मामा चप्पल शोधतात. मी चष्मा मिटतो, तेवढ्यात पोरगा म्हणतो, "सर, जाऊ नका. बसच्या व्हिसाचा फॉर्म आत्ता भरून टाकू. पर्मनंट ॲड्रेस मागालाय. इंग्रजीत लिहून पाठवा."

मी पेन काढतो. मी विचारायच्या आधीच अक्का मोजणं न थांबवता सांगू लागते, घर नंबर, ग्रुपचं अक्षर, गोदूताई घरकुल, कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, आणि पिनचे सहा आकडे सुटे सुटे.