ईदचा गिऱ्हाईक किती, लग्नसराईचा किती?

डहाणू-बोर्डी रस्त्यावरच्या चिखले, घोलवडकडे एप्रिल-मेमध्ये कापड खपले की एक दुकानदार म्हणतो, "ईदची बरकत"; दुसरा म्हणतो, "लग्नसराई". दोघांच्या बोलण्यात तथ्य असते; पण कोणाचा वाटा किती, हे न कळता माल भरला तर भांडवल फळीवर अडकते आणि वर भिवंडी-सुरतची उधारी राहते.

या प्रश्नासाठी संख्याशास्त्रात रिग्रेशन नावाची पद्धत आहे. महिन्याची विक्री एका रकान्यात लिहावी. ईदपूर्व खरेदीचे दिवस, लग्नाच्या तिथी व पाऊस पुढच्या रकान्यांत. संगणक प्रत्येक कारणासमोर एक सहगुणक मांडतो. मात्र मोठा सहगुणक म्हणजे मोठे कारण नव्हे. पाऊस मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये लिहिला, तर सहगुणक दहापट होतो. पाऊस तेवढाच राहतो.

म्हणून पाहायचे ते हे, की विक्रीच्या चढउतारापैकी किती भाग त्या कारणाने उलगडतो. समजा, एकट्या ईदने शंभरापैकी ४० भाग उलगडले, एकट्या लग्नसराईने ५० आणि दोन्ही मिळून ६०. ईद आधी धरली तर तिचा वाटा ४०, मागाहून धरली तर १०, सरासरी २५. लग्नसराईचे ५० आणि २०, सरासरी ३५. बेरीज बरोबर ६०. कारणे जास्त असली की असे क्रमही पुष्कळ होतात. 'आर' या मोफत संगणक-प्रणालीतील 'रिलेइम्पो' हा संच ती सरासरी काढून देतो.

परंतु वह्या अपुऱ्या असतील तर संगणक तरी काय करणार? २०२२ ला ईद ३ मे रोजी, २०२३ ला २२ एप्रिलला, २०२४ ला ११ एप्रिलला आली. तिन्ही वेळा लग्नसराईतच. एवढ्याच वह्यांतून दोघांची फारकत नीट होत नाही. २०१६ ला ती ७ जुलैला, २०१८ ला १६ जूनला, म्हणजे एप्रिल-मे सरल्यावर होती. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद सरकत राहते, आणि तेच आपल्या हिशेबाच्या कामी येते. तेव्हा दहा वर्षांचे रोजमेळ जपून ठेवावेत. २०२० ची ईद टाळेबंदीत गेली. त्या महिन्यांना वेगळा रकाना द्यावा.

हे वाटे मागच्या वह्यांचे आहेत, पुढची हमी नव्हे. तरीही नुसत्या अंदाजापेक्षा खरेदीला हा आधार बरा.