शिडाची फळी आणि वारा

भाताचे खळे कोठे घालावे, हे आपल्या मुळशीत कोणाला शिकवावे लागत नाही. ते मोकळ्यावर घालायचे. टेकाडाच्या नाहीतर आंब्याच्या आडोशाला घातले, तर सूप हातात धरून वाऱ्याची वाट पाहावी लागते. वारा आलाच तर घोटाळत येतो, आणि उडालेला फोल परत भातात पडतो.

समुद्रावर शिडाची फळी चालविणारेही जागा अशीच पाहतात. ही फळी म्हणजे काय? माणसाहून लांब, पाण्यावर तरंगणारी. तिच्यावर एक काठी आणि काठीला शीड. माणूस फळीवर उभा राहतो आणि शीड दोन्ही हातांनी धरतो. इंजिन नाही, वल्हे नाही. शीड पुढे-मागे कलते करून वळायचे. हा खेळ 1960 नंतर अमेरिकेत निघाला, आणि 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आता आपल्याकडची पोरेही तो शिकतात. माझा नातूच शिकला.

ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, आणि त्याच्या पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. तो सारा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दिवसा उन्हाने जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते. तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा धावते. हा खारा वारा. उन्हाळ्यात तो दहा-अकराच्या पुढे सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. चैत्र-वैशाखात संध्याकाळी आपल्याकडे जी गार झुळूक येते, ती बहुधा याचीच. रात्री उलटे होते. जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. हा मतलई वारा. इंजिने नव्हती तेव्हा कोळी पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत.

पण कोळ्याच्या सोयीचा हा मतलईच नवशिक्याचा वैरी. माझ्या नातवाने तो अनुभव घेतला. सकाळची वेळ होती, काठाजवळ पाणी ताटासारखे सपाट. पोराला वाटले, यापेक्षा चांगले पाणी कोठे मिळणार? पाणी सपाट होते, कारण वारा त्याच्या पाठीमागून, माडांच्या आडून येत होता. जसा तो आत गेला, तसा आडोसा संपला आणि वारा लागला. फळी आतच जात राहिली, वळेना. शहाणपण एवढेच केले की फळी सोडून पोहायला लागला नाही. फळी बुडत नाही, माणूस दमतो. एका होडीवाल्या कोळ्याने त्याला ओढून आणले. मला हे आठ दिवसांनी कळले!

वारा समुद्रावरून सरळ तोंडावर आला, तर माणूस वाहून जात नाही, पण लाटा त्याला परत वाळूवर आणून टाकतात. सर्वांत बरा वारा किनाऱ्याला आडवा. त्यावर जाताही येते आणि त्याच वाटेने परतही येता येते. कोकणात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे तिरका येतो. म्हणून दुपार बरी. मूठभर कोरडी वाळू सोडून पाहावी, दिशा कळते. पाण्यावर एखाददुसरा पांढरा तुरा दिसला, तर वारा शिकण्याजोगा. सगळीकडे तुरेच तुरे असले, म्हणजे तो ताशी 20 किलोमीटरच्या पुढे गेला. तेव्हा नवख्याने काठावर बसावे.

खाडीचे तोंड टाळावे. ओहोटीला तेथले पाणी बाहेर ओढते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फारच. हरिहरेश्वरासारखे खडकही नकोत. पावसाळ्यात समुद्राचे नावच काढू नये. आणि पाण्यात पाय घालण्याआधी तेथल्या कोळ्याला विचारावे. त्यात कमीपणा कसला?

काही जण विचारतात, गुरुजी, आपल्या मुळशी धरणाच्या पाण्यावर ही फळी चालेल का? पाणी मोठे आहे खरे. पण चारी बाजूंना डोंगर. वारा खिंडीतून येतो, घोटाळतो, मध्येच पडतो, मध्येच अंगावर येतो. आडोशाच्या खळ्यासारखीच गत.