आईचं रक्त भरून येऊ द्या!

रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. नव्या पेशीसाठी लोह लागतं. गरोदरपणी हे लोह आईकडून बाळाला जातं. बाळंतपणात रक्तही जातं. साठा भरण्याआधीच पुन्हा दिवस राहिले, तर रक्तक्षय होतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं, की रक्त कमी समजावं. मग धाप लागते, बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेततो.

म्हणून दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. बाळंतपणानंतर सहा महिने रोज लोहाची गोळी घ्या, चहाबरोबर नको. तांबी, निरोध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नवरा-बायको दोघांनी मिळून आजच ठरवा.