तेरचा वारा मोजताना

तेरणाकाठच्या सोयाबीनवर फवारणी करताना वारं किती, हे आम्ही धुरळ्यावरून ठरवायचो. आता गच्चीवर मी बनवलेल्या वायुवेगमापकाच्या तीन वाट्या फिरतात. फिरत्या दांड्याला चुंबक, शेजारी रीड स्विच; चुंबक समोरून गेलं की सर्किट क्षणभर जुळतं आणि आर्डुइनो हा छोटा संगणकीय बोर्ड एक फेरी मोजतो.

पण फेऱ्या म्हणजे वेग नव्हे. १८४६ मध्ये वाट्यांचं वायुवेगमापक मांडणाऱ्या रॉबिन्सन यांनी वाऱ्याचा वेग वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट धरला होता. पुढं कळलं, हा गुणक वाट्यांच्या आकारावर आणि दांडीच्या लांबीवर ठरतो. म्हणून वारा पडलेल्या पहाटे भाचा मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल एका वेगानं चालवतो, मी मागं बसून यंत्र उंच धरतो आणि मोबाइलच्या जीपीएसशी फेऱ्या ताडून बघतो. गुणक असाच घरी काढावा. दुसऱ्याचा उसना घेऊ नये.